केळीचा मळा गहाण टाकून आवाज शिकायचा का?

पत्र असं आहे:

"मॅडम, मी चोपडा तालुक्यातला. बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. वडिलांचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे, दोन एकर केळी आहे. लहानपणापासून लग्नसराईत त्यांच्यासोबत वायरी ओढल्या, आता मिक्सरवर मीच बसतो. मला अकूस्टिक्समध्ये, म्हणजे ध्वनिशास्त्रात, पुढे शिकायचं आहे. एका एजंटाने इंग्लंडमधलं एक वर्षाचं एम.एस्सी. सुचवलंय. सगळा खर्च 32 लाख सांगतो, शेतावर कर्ज होईल म्हणतो. सुरतचे काका म्हणतात, एवढ्या पैशात दुकान टाक. वडील एवढंच म्हणाले, 'स्पीकर बांधाले डिगरी लागस का?' या शिक्षणाला खरंच पगार किती आहे? धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे, बायोलॉजी घेतलंय. तिलाही असंच काही करता येईल का?"

अरे, तुझ्या वडिलांच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न तोच आहे. स्पीकर बांधायला डिग्री लागत नाही. मात्र हॉलमध्ये स्पीकर वाढवून उपयोग नाही, छताला हात लावावा लागेल, हे आकड्यानिशी सांगायचं असेल तर लागते. या धंद्यात बरे पैसे त्या आकड्यांचे मिळतात.

पण आधी 32 लाखांचं बघू. 11 टक्के व्याज आणि 10 वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता साधारण 44 हजार बसतो. शिकत असताना चढलेलं व्याज मी यात धरलेलंच नाही. आता पगार. हॉल, ऑफिस, थिएटर यांच्या आवाजाचं काम करणाऱ्या इथल्या लहान कन्सल्टंटकडे नवा मुलगा लागतो, तेव्हा त्याच्या हातात पडणारे पैसे मी आजवर पाहिले ते महिन्याला 25 ते 35 हजारांच्या घरातले. म्हणजे पुण्यातली खोली आणि डबा बाजूलाच राहिला, पगार हप्त्यालाही पुरत नाही. एजंट म्हणेल, तिकडेच नोकरी लागेल. लागतेही कुणाकुणाला. पण नाही लागली तर एजंटाचं काही जात नाही, तुमचा मळा जातो. केळीचा बऱ्हाणपूरचा भाव एक हंगाम पडला तर घरात काय होतं हे मी तुला सांगायला नको.

एजंट सांगतो ती कॉलेजं खोटी नाहीत, हेही सांगते. इंग्लंडमध्ये साऊदॅम्प्टनला ध्वनी आणि कंपन यांवर संशोधन करणारी संस्था 1963 पासून आहे. सॅलफर्डलाही चांगलं शिकवतात. अमेरिकेत पेन स्टेट, डेन्मार्कचं तांत्रिक विद्यापीठ, स्वीडनमध्ये चाल्मर्स, या सगळ्यांना जगात मान आहे. माझं म्हणणं इतकंच, की तिथे मळा गहाण टाकून जाऊ नकोस. शिष्यवृत्ती मिळाली तर जा, किंवा दोन-तीन वर्षं काम करून, आपल्याला नेमकं काय शिकायचंय ते कळल्यावर जा. बावीस-तेविसाव्या वर्षी ते कळत नाही. मला तरी कळलं नव्हतं.

मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. घरामागे रात्रभर शंटिंग चालायचं. पाहुणे आले की त्यांना झोप लागायची नाही आणि आम्हाला सुट्टीत मामाच्या गावी शांततेने झोप लागायची नाही. पुण्यात शिकून पहिली नोकरी लागली तेव्हा कार्डावर 'अकूस्टिक इंजिनिअर' छापलं होतं. काम काय, तर फोम विकायचा. एका माणसाने घरी रेकॉर्डिंगची खोली केली होती, भिंतीपलीकडे पिठाची गिरणी. आमच्या कंपनीने त्याला चारही भिंतींना फोम लावून दिला, बिल घेतलं. गिरणी जशीच्या तशी ऐकू येत राहिली. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं: जाड वीट, दुहेरी भिंत, मधली पोकळी, दाराच्या फटी बंद. मला हे पुस्तकातून माहीत होतं. तरी मी बिलावर सही केली आणि नंतर त्या माणसाच्या शिव्याही मीच खाल्ल्या. तेव्हा नोकरीच्या जाहिरातीत 'अकूस्टिक' शब्द दिसला की हुरळून जाऊ नकोस. आधी विचार, मोजायला काय देणार आणि विकायला काय देणार.

आता तुझ्या ओळखीचं एक मंगल कार्यालय घेऊ. 30 मीटर लांब, 15 रुंद, 6 उंच. खाली कोटा फरशी, भिंतींना प्लास्टर, वर स्लॅब. घनफळ 2700 घनमीटर, सगळे पृष्ठभाग मिळून 1440 चौरस मीटर. असा कडक पृष्ठभाग पडलेल्या आवाजातला जेमतेम 3 टक्के शोषतो, म्हणून एकूण शोषण 1440 चे 3 टक्के, सुमारे 43. हार्वर्डच्या वॉलेस सबाइनने 1890 च्या दशकात एका न ऐकू येणाऱ्या वर्गखोलीत गाद्या आणून, रात्री-बेरात्री मोजून जे सूत्र काढलं ते लाव: 0.161 गुणिले घनफळ, भागिले शोषण. उत्तर 10 सेकंद. म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवली तर ती विरायला कागदावर 10 सेकंद. खऱ्या हॉलमध्ये दारं-खिडक्या उघड्या असतात, म्हणून थोडं कमी भरेल. आता 300 वऱ्हाडी बसव. माणूस, साडी, कोट धरून प्रत्येकी 0.45 शोषण पकडलं तर 135 वाढले. उत्तर येतं अडीच सेकंदांच्या आत-बाहेर. बोललेलं स्वच्छ कळायला साधारण 1 सेकंद हवा. म्हणून तर मंगलाष्टकातलं 'शुभमंगल' कळतं आणि बाकी सगळा गोंगाट वाटतो. गुरुजींचा दोष नाही.

हॉलमालक यावर काय करतो? तुझ्या वडिलांना म्हणतो, भाऊ, अजून दोन बॉक्स लावा. बॉक्स वाढले की घुमाराही तितकाच वाढतो, आणि माईक शिट्टी मारायला लागतो. खरा उपाय छताला आहे. वरच्या हिशेबात 1 सेकंदावर यायचं तर आणखी 257 शोषण हवं, म्हणजे जाळीमागे ग्लासवूल असलेल्या, 85 टक्के शोषणाऱ्या फळ्या सुमारे 300 चौरस मीटर. हा कागद एक पानाचा आहे. तो नीट लिहून, आधी-नंतर मोजून देणारा माणूस चोपडा-यावल-रावेर पट्ट्यात मला तरी दिसलेला नाही, आणि कार्यालयं बघ किती झाली आहेत.

वडिलांचं ज्ञान कमी लेखू नकोस हेही यातच आलं. शिट्टी आली की ते ग्राफिक इक्वलायझरवरची नेमकी पट्टी खाली ओढतात ना? माईकमधून स्पीकर, स्पीकरमधून परत माईक असा फेरा ज्या कंपनसंख्येला वाढत जातो ती त्यांनी कानाने ओळखलेली असते. माझ्याकडे शिकाऊ आलेल्या एम.टेक. मुलांपैकी निम्म्यांना हे जमत नाही. तू तिथून निघतोयस.

आता पगाराचं सरळ सांगते. 'अकूस्टिक्स' नावाचा एकच पगार नसतो. हा विषय ज्या धंद्याला जोडशील त्या धंद्याचा पगार मिळतो.

गाड्यांचा धंदा घे. गाडीतला आवाज, थरथर, खडखडाट यांचं वेगळं खातं असतं, त्याला एनव्हीएच म्हणतात. पुण्यात एआरएआय ही वाहन संशोधन संस्था हे काम करते, आणि मोठ्या गाडी कंपन्यांकडे स्वतःच्या प्रयोगशाळा आहेत. एरंडोलजवळच्या फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची ख्याती ऐकलीयस ना, एक हलवला की दुसरा झुलायचा म्हणतात? गाडीतही तेच चालतं. इंजिनाची थरथर एका ब्रॅकेटमधून जाते आणि तीन फुटांवरचा डॅशबोर्ड वाजायला लागतो. इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर हे काम घटेल असं लोकांना वाटलं होतं. झालं उलटं. इंजिनाने झाकलेले टायरचे, वाऱ्याचे, मोटरच्या किणकिणीचे आवाज उघडे पडले. एम.टेक. करून आलेल्या मुलांना इथे वर्षाला सहा ते दहा लाखांवर सुरुवात मिळताना मी पाहिली आहे. अडचण एक: या दारावर बहुतेक वेळा मेकॅनिकलची पाटी असते. बी.एस्सी. झाल्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, बारावीला गणित असेल तर. तीन वर्षं अजून जातात. गाड्यांचंच वेड असेल तर ती घालवण्यासारखी आहेत, पण तुझ्या पत्रात गाडीचा उल्लेखसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त पैसा सध्या आवाजाच्या संगणकी प्रक्रियेत आहे. कानात घालायचे इअरबड, गोंगाटात बोलणं निवडून काढणारे फोन, श्रवणयंत्रं. बंगळूर, हैदराबाद, पुणे. इथे अकूस्टिक्सपेक्षा सिग्नल प्रोसेसिंग आणि कोड लिहिता येणं जास्त बघतात. तुझ्या फिजिक्समध्ये फूरिये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्या सुट्या करणारं गणित, आलंय, ते परीक्षेपुरतं न ठेवता पायथॉन या संगणकी भाषेत वडिलांच्या शिट्टीवर चालवून बघ. ज्यांना हे चांगलं येतं त्यांची सुरुवात गाडीवाल्यांच्याही वर जाते. ज्यांना अर्धवट येतं ते मुलाखतीच्या पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर येतात.

सरकारी बाजूला फिजिक्सवाल्याला मान आहे, आणि हे आपल्या भागात फारसं कुणी सांगत नाही. समुद्रात रेडिओलहरी फार दूर जात नाहीत, आवाज जातो, म्हणून पाणबुडी शोधायची तर सोनार, म्हणजे आवाजाने शोध घेणारं यंत्र, लागतं. ते काम डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या कोचीतल्या एनपीओएल या प्रयोगशाळेत चालतं. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेतही समुद्रातल्या ध्वनीवर काम होतं. डीआरडीओचं 'सायंटिस्ट बी' हे पद पहिल्या वर्गातलं एम.एस्सी. फिजिक्स आणि गेट या देशपातळीवरच्या परीक्षेच्या गुणांवर, पुढे मुलाखत होऊन मिळतं. मूळ वेतन 56,100, वर महागाई भत्ता आणि घरभाडं. जागा थोड्या, स्पर्धा मोठी. पण इथे फॉर्म भरायला कुणाचा मळा लागत नाही.

इमारतींच्या कन्सल्टन्सीचं वर सांगितलंच. सुरुवात कमी, पाच-सात वर्षं कमीच, आणि मग ज्याचं नाव होतं त्याचं एकदम बरं. कारखान्यांत आवाज मोजून रिपोर्ट देणाऱ्या पर्यावरण प्रयोगशाळा आहेत. आठ तासांना 90 डेसिबलची मर्यादा कागदावर असते, म्हणून मोजणी होते. पगार तुटपुंजा, मात्र मोजायचा हात बसतो. सहा महिने कर, सहा वर्षं नको. सिनेमा आणि लाइव्ह शोचं साऊंड हा वेगळाच स्वभावाचा धंदा. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत त्याचं उत्तम शिक्षण आहे, पण पैसा तुमच्या लग्नाच्या सुपाऱ्यांसारखाच येतो, हंगामात धो-धो आणि एरवी कोरडा. ते तू घरी पाहिलेलं आहेस.

फिजिक्सवाल्याने या विषयात संकोचाने यायचं कारण नाही. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली तबला-मृदंगावर निबंध लिहिला होता. साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे स्वर मूळ स्वराशी जुळत नाहीत, म्हणून ढोल नुसता दणकतो. तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचं वजन चढवलं की ते स्वर पटीत येतात आणि तबला सुरात लागतो. शाई भरणाऱ्या कारागिरांनी हे हाताने साधलं होतं, रामननी त्याचं कारण मोजून दाखवलं. तुझ्या घरात वडील आणि तू, हीच जोडी आहे असं मला पत्र वाचताना वाटलं.

मग करायचं काय. मी तुझ्या जागी असते तर आधी एम.एस्सी. फिजिक्स धरलं असतं. एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेचे फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते. ती द्यायचीच. नाही जमली तर जळगावचं आपलं बहिणाबाई चौधरी विद्यापीठ आहे, तिथे शिकून बाहेर निघालेली मुलं कमी नाहीत. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी गेट. गुण चांगले आले तर डीआरडीओचा अर्ज आणि एम.टेक. दोन्ही दारं खुली. गेटवर एम.टेक. करताना महिन्याला 12,400 विद्यावेतन मिळतं, म्हणजे घरून थोडंच मागावं लागतं. कोणत्या एम.टेक.ला फिजिक्सवाला चालतो हे दर संस्थेचं वेगळं असतं, जाहिरात स्वतः वाच, एजंटाकडून वाचून घेऊ नकोस. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गाड्यांच्या सायलेन्सरवर प्रा. मुंजाल यांनी आयुष्यभर काम केलं आणि जगाने त्यांचं पुस्तक वापरलं. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ध्वनिमापनाचा विभाग आहे. अशा ठिकाणी उन्हाळ्यात दोन महिने प्रकल्प करायला पत्र पाठव. दहा पाठवलीस तर एकाचं उत्तर येईल, तेवढं पुरतं.

आणि हे सगळं व्हायच्या आधी, येत्या लग्नसराईत, एक काम. दहाएक हजारांत यूएसबीचा मोजणीचा माईक येतो. आरईडब्ल्यू नावाचं घुमारा मोजणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीवर आयआयटी कानपूरचा ध्वनिशास्त्राचा कोर्सही फुकट बघता येतो. वडिलांची गाडी कार्यालयावर दोन तास आधी पोचतेच. सामान उतरून झालं की हॉल रिकामा असताना मोजायचं, मंडळी बसल्यावर शक्य असेल तर पुन्हा मोजायचं. हॉलची लांबी-रुंदी, छत कशाचं, फरशी कशाची, सबाइनच्या सूत्राने किती आलं, प्रत्यक्ष किती भरलं, फरक का पडला. असे सहा हॉल एका वहीत. पत्र्याच्या छताचा एक, स्लॅबचा एक, एखादं मंदिराचं सभागृह घे. फोनमधल्या डेसिबल ॲपवर विसंबू नकोस, तो आकडा एकाच फोनवर दोन जागांची तुलना करण्यापुरता ठीक.

ही वही मुलाखतीत समोर ठेवशील तेव्हा समोरचा माणूस तुझी टक्केवारी विचारायला विसरेल. मी स्वतः एकदा अशाच वहीवर एका मुलाला घेतलं होतं. त्याच्या कॉलेजचं नाव मला आज आठवत नाही, पण त्याने मोजलेल्या एस.टी. स्टँडचा घुमारा आठवतो.

सुरतच्या काकांना नाही म्हणताना दुकानाला नावं ठेवू नकोस. त्यांचा हिशेब 32 लाखांच्या जोखमीपुरता बरोबरच आहे.

बहिणीसाठी मात्र तुझ्याहून सरळ रस्ता आहे. बीएएसएलपी, म्हणजे श्रवण आणि वाचा यांचं पदवी शिक्षण, इंटर्नशिप धरून चार वर्षांचं. बायोलॉजीवाल्यांना चालतं. म्हैसूरला 1965 पासूनची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. पास झाल्यावर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यावी लागते, ती नसेल तर प्रॅक्टिस करता येत नाही, म्हणून कॉलेजला त्या परिषदेची मान्यता आहे ना हे प्रवेशाआधी बघा. बाळांची श्रवणतपासणी, म्हाताऱ्यांची श्रवणयंत्रं, उशिरा बोलणारी मुलं, हे काम दवाखान्यातही मिळतं आणि पुढे स्वतःचं क्लिनिकही टाकता येतं. आपल्याकडे अजून कितीतरी तालुक्यांतून कान तपासायला जळगाव-धुळ्याला जावं लागतं. सुरुवात बेताचीच असते, पण काम गावापासून तुटत नाही.

तिचे पहिले पेशंट तुमच्या घरातच सापडतील असं मला वाटतं. वीस-पंचवीस वर्षं टॉप आणि बेसच्या मधोमध उभ्या राहिलेल्या तुझ्या वडिलांनी कान शेवटचे कधी तपासून घेतले? उंच पट्टीचं ऐकणं आधी जातं, टीव्हीचा आवाज वाढत जातो, आणि माणूस म्हणतो लोक हल्ली पुटपुटतात. या महिन्यात त्यांना ऑडिओमेट्रीला ने, तूही करून घे. मिक्सरवर बसताना दोघांनीही इअरप्लग घालायचे, मेडिकलमध्ये मिळतात. आणि वही सुरू झाली की पहिल्या हॉलचा आकडा मला कळव. माझा अंदाज पत्र्याच्या छताला चार सेकंदांचा आहे.